बुडवायचा पाव

बिरोते पाव घरी कोणी करत नाही. निदान आमच्या ग्वादालाहारात तरी नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर भट्टी आहे. सकाळी पिशवी घेऊन जायचं आणि कडक, खारट, गरम पाव आणायचा. मी तर अडतीस वर्षं भट्टीवाल्याचीच बायको. पाव नवऱ्याबरोबर घरी यायचा. पिठाला हात लावायची मला वेळच आली नाही, आणि खरं सांगायचं तर हौसही नव्हती.

पण माझा नवरा, चेन्चो, जेवेना. मार्चमध्ये त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीभ हळूहळू सुटली, काठी घेऊन चालूही लागला, हात मात्र लुळाच राहिला. गिळायला आता काही त्रास नाही, सगळं खाऊ द्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून दोन महिने झाले. हा दोन घास लापशी घ्यायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. त्याच्या पट्ट्याला मी खिळ्याने तीन नवी भोकं पाडली. चौथं पाडताना मला रडू आलं. असंच चाललं तर नाताळापर्यंत हा माणूस माझ्या हाती लागत नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून ठरवलं, त्याला बुडवलेला तोर्ता, म्हणजे मांस भरून सारात बुडवलेला बिरोते, करून घालायचा. जगात त्याला त्याहून प्रिय काही नाही, मीसुद्धा नाही. आणि पावापासून सगळं घरीच करायचं, कारण विकतचा पाव आणला की दुसऱ्याच्या हातचा म्हणून तो त्याकडे बघायचाही नाही.

आंबवणात काय असतं ते मला त्याच्या सदऱ्यांच्या वासावरून ठाऊक होतं: पीठ, बिअर, अंडं, लिंबू. पाच दिवस मी त्या वाडग्याला सकाळ-संध्याकाळ ताजं पीठ-पाणी खाऊ घातलं.

"पोर पाळायला घेतलंस की काय, ओब्दुलिया?" शेजारच्या रेमेदिओसने खिडकीतून विचारलं.

"हो, आणि तुझ्यापेक्षा गुणी आहे!" मी म्हटलं.

सहाव्या दिवशी अर्धं आंबवण घेऊन पीठ मळलं. चेन्चोचे दात आठवले, जीव कळवळला, म्हणून त्यात दूध घातलं, डुकराची चरबीही घातली. पाव फुगले छान, बाळाच्या गालासारखे मऊ. आत वाटलेला घेवडा लावला, चरबीत मंद शिजवलेलं मांस भरलं, वरून टोमॅटोचं गरम सार ओतलं आणि थाळी त्याच्यापुढे ठेवली. आमच्या डोळ्यांदेखत तोर्ता बसत गेला. आधी कडा विरघळल्या, मग माथा खचला. मिनिटाभरात थाळीत नुसता लाल चिखल उरला.

"परत लापशी," चेन्चो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "सहा दिवस नाकी नऊ आलेत माझ्या! तुला चावता यावा म्हणून मऊ केला!"

"मी काय तान्हा आहे? बिरोते कधी मऊ असतो? अडतीस वर्षं कोणाशेजारी झोपलीस, म्हातारे?"

"मग कर ना तूच!"

बोलून गेले आणि जीभ चावली. तो मांडीवरच्या आपल्या उजव्या हाताकडे बघत बसला. तोर्ता गेला, माझा नवराही गेला, असंच मला वाटलं.

"मीठ आण," तो म्हणाला. "आणि ते दूध माझ्या नजरेसमोर आणू नकोस."

उरलेलं आंबवण, पीठ, पाणी, मीठ. बस्स. तो टेबलाला पोट टेकवून उभा राहिला. डावा हात त्याचा, उजवा माझा. "ढकल. आता दुमड. अगं, चोळतेस काय, कपडे धुतेस का?" मी ढकलत होते, दुमडत होते, शिव्या खात होते. इतका वेळ एका टेबलाशी आम्ही दोघं कधी उभे राहिलो नव्हतो. तो भट्टीवर जायचा तेव्हा मी झोपलेली असायचे आणि मी उठले की तो झोपायचा. त्याच्या मानेवर पीठ उडालं होतं. मला तो फार आवडला त्या क्षणी, लग्नाआधी आवडायचा तसा.

टोकदार पाव वळून झाले, उरलेला एक गोळा त्याने फडक्याखाली सरकवला आणि तो थकून खुर्चीतच डुलकी काढू लागला. पाव फुगल्यावर मी ओव्हनमध्ये तळाला पाण्याचं ताट ठेवलं, तोच कधी तरी बोलला होता तसं, आणि भाजायला घातले.

बाहेर काढले तेव्हा कवच तडतडत होतं. त्या आवाजानेच त्याला जाग आली.

"अर्धा बुडवू की पूर्ण?" मी विचारलं.

"अर्धा पाहुण्यांना देतात, म्हातारे."

पूर्ण बुडवला, वर तिखटजाळ मिरचीचं सारही ओतलं. पाव भिजला, पण वाकला नाही. चेन्चोने तो डाव्या हाताने उचलला आणि धड बाजूच्या दातांनी चावला. कुर्रकन आवाज आला. सार कोपरापर्यंत ओघळलं, हनुवटी लाल झाली, मिरचीने नाक वाहू लागलं. पुसायला माझे हात शिवशिवत होते. मी ते मांडीखाली दाबून बसले. त्याने शेवटच्या तुकड्याने थाळी पुसून घेतली.

मग तो इकडेतिकडे काही शोधू लागला. "फडक्याखाली झाकलेला गोळा कुठाय?"

"तो? तोही भाजला. हा बघ, छोटा पाव झाला. वाया कशाला घालवायचा?"

"अगं वेडे!" त्याने टेबलावर हात आपटला. "ते आंबवण होतं! दर घाण्यातला एक गोळा मागे ठेवायचा असतो. भट्टीवाल्याची बायको आणि सगळं भाजून मोकळी झालीस! आता उद्या मी काय खाऊ?"

तो ओरडतच होता. मी उभी राहून ऐकत होते, आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. मार्चपासून त्याच्या तोंडून उद्याची गोष्ट मी ऐकली नव्हती.

"परत पाच दिवस लागणार," तो कुरकुरला.

"लागू देत," मी म्हटलं, आणि पिठाचा डबा काढला.