हरणीच्या पोटाखाली सूनबाई

डॉक्टरबाई दातांच्या डॉक्टर. आयुष्यभर त्यांनी लोकांना तोंड उघडं ठेवून गप्प बसायला लावलं होतं. त्या दिवशी मात्र तोंड मिटून गप्प बसायची पाळी त्यांच्यावर आली होती, आणि हे किती अवघड काम आहे ते त्यांना सत्तरीत कळत होतं.

गॅरेजमध्ये हरणी उभी होती. हरणी म्हणजे त्यांची कापडी टपाची, दोन माणसांची, विटकरी रंगाची स्पोर्ट्स कार. मुलापेक्षा वयाने मोठी, आणि मुलाच्या मते त्याच्यापेक्षा लाडकी. डॉक्टरबाईंनी हे कधी नाकारलं नव्हतं. दवाखाना सांभाळून या गाडीचं ऑइल, प्लग, ब्रेक सगळं त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं होतं. "जिला दाढ काढता येते तिला प्लग काढता येत नाही होय?" असं त्या म्हणत, आणि विचारणारा आपली दाढ चाचपत निघून जाई.

पण गुडघ्यांनी दगा दिला. गेल्या वर्षी त्या गाडीखाली शिरल्या आणि तिथेच अडकल्या. शेवटी मुलाने दोन्ही पाय धरून त्यांना बाहेर ओढलं. आईचे पाय धरावेत हे मान्य, पण असे नव्हेत, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला. हसून झाल्यावर मात्र त्याने गाडी विकायचा विषय लावून धरला. तो विमा कंपनीत कामाला, त्याला झोपेतही अपघातच दिसत. त्यात जवळच्या गॅरेजवाल्याने हरणीचं बॉनेट उघडलं आणि "याला कॉम्प्युटर कुठे जोडायचा?" असं विचारलं. मग तर बोलायलाच नको. घरात कोणाला झेपत नाही, बाहेर कोणाला येत नाही, तर गाडी ठेवायची कशाला? त्याने एक गिऱ्हाईक पाहिलं.

"मी करते की," जेवता जेवता सूनबाई म्हणाली.

सूनबाई शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत तिची दोन मशिनं होती, आणि त्यांचं तेलपाणी ती स्वतः बघायची. गॅरेजमध्येही ती अधूनमधून येऊन उभी राहायची, पाना पुढे करायची, हे काय नि ते काय विचारायची. डॉक्टरबाईंना वाटायचं, पोरगी सासूचं मन राखतेय.

नवऱ्याने घास तसाच ठेवून तिच्याकडे पाहिलं. "बरं. पण सगळं सर्व्हिसिंग तुझं तू करायचं. आईने चकार शब्द काढायचा नाही. ती सांगणार नि तू करणार, म्हणजे ते आईनेच केल्यासारखं. उद्या ती नसली म्हणजे?"

"का रे, कुठे निघालेय मी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"गुडघ्याच्या ऑपरेशनला," तो म्हणाला. "आणि काही बिघडलं तर गाडी त्या माणसाला द्यायची. कबूल?"

सूनबाईने मान हलवली. डॉक्टरबाईंनीही हलवली.

गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. दुपारी सूनबाईने केस बांधले, नवऱ्याचा जुना शर्ट चढवला आणि हरणीला जॅकवर घेतलं. नुसत्या जॅकवर विसंबली नाही. खाली लोखंडी स्टँड लावले आणि गाडी दोन्ही हातांनी हलवून पाहिली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर डॉक्टरबाईंनी मनातल्या मनात मान डोलावली. इंजिन थोडं गरम करून तिने खालचा नट सोडला, काळं ऑइल परातीत उतरू दिलं, नटाचा तांब्याचा वॉशर न विसरता बदलला. प्लग काढून ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने फडक्यावर मांडले, ब्लाउजची बटणं मांडावीत तसे. नव्या प्लगची फट पातळ पत्तीने मोजली. एक तिला पटेना, तो तिने पुन्हा मोजला. डॉक्टरबाईंची जीभ चार वेळा टाळूला लागून परत आली. चारही वेळा ती जे करायला हवं तेच करत होती.

मग ती फिल्टर बदलायला गाडीखाली गेली. जुना फिल्टर खोलताना ऑइलचा ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत आला, तशी एक ठसकेबाज शिवी ऐकू आली. सुनेला अशा शिव्या येतात हे डॉक्टरबाईंना नवीन होतं. त्यांना बरं वाटलं. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला सूनबाईने बोटाने ऑइल चोळलं, फिल्टर हाताने आवळला, आणि जुना परातीत उभा ठेवून ती बाहेर आली.

डॉक्टरबाईंची नजर त्या जुन्या फिल्टरवर गेली आणि तिथेच खिळली.

त्याची कड उघडी होती. काळी रबरी रिंग त्यावर नव्हतीच. म्हणजे ती वर इंजिनलाच चिकटून राहिली होती, आणि सूनबाईने नवा फिल्टर तिच्यावरच चढवला होता. एका रिंगवर दुसरी. दिसायला घट्ट बसतं, पण इंजिन सुरू झालं, आतला दाब चढला, की ऑइल पिचकारीसारखं बाहेर येतं. ते वेळीच दिसलं नाही तर इंजिन कोरडं फिरतं आणि जागच्या जागी जाम होतं. मग हरणी विकायलाही उरत नाही.

सूनबाई नवं ऑइल ओतत होती. डॉक्टरबाई मूग गिळून बसल्या. सांगितलं तर शब्द मोडला आणि गाडी गेली. नाही सांगितलं तर इंजिन जाईल. त्यांनी मनाशी ठरवलं, मी ज्या क्षणाला चावी बंद केली असती त्या क्षणापर्यंत गप्प बसायचं. तोवर तिने केली नाही तर ओरडायचं. गेली तर जाऊ दे परक्याकडे, पण धडधाकट जाऊ दे.

सूनबाई आत बसली. चावी फिरवली. हरणी खोकली, गुरगुरली आणि चालू झाली. नवशिका माणूस अशा वेळी खूश होऊन बॉनेटकडे बघतो. सूनबाई बघत होती ऑइलचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे, डोळ्यांत तेल घालून, आणि तिचा हात चावीवरच होता. काटा उठला, थबकला, थरथरला. डॉक्टरबाईंनी तोंड उघडलं.

त्यांचा आवाज फुटायच्या आत इंजिन बंद झालं होतं.

खाली फरशीवर ऑइलचं तळं पसरत होतं. नेमका तेव्हाच मुलगा दारात आला. त्याने तळं पाहिलं, बायकोचा अवतार पाहिला, आईचं उघडं तोंड पाहिलं.

"आई, तू बोललीस?"

"तोंड उघडलं. बोलले नाही."

"झालं मग," तो म्हणाला, पण त्यालाही त्यात आनंद नव्हता. "जाऊ दे. तू खूप केलंस. मी त्यांना लवकर यायला सांगतो."

"थांब जरा," सूनबाई म्हणाली. "माझं काम अजून संपलेलं नाही. उसवावं लागलं म्हणजे कपडा बिघडला असं नसतं."

ती पुन्हा खाली शिरली. नवा फिल्टर उतरवला. वर अंधार, दिसायला काही नाही. तिने बॅटरी घेतली नाही, डोळे मिटले आणि जिथे फिल्टर बसतो ती जागा बोटांनी चाचपू लागली. डॉक्टरबाई खुर्चीच्या टोकाला आल्या होत्या.

"इथे दुहेरी लागतंय," गाडीखालून आवाज आला. "एकच थर हवा ना? इथे आधीच एक बसलाय."

नखाने कड उचलून तिने जुनी रिंग अलगद सोलून काढली आणि नवऱ्याच्या बुटापाशी टाकली. मग जुना फिल्टर उचलून त्याची उघडी कड पाहिली आणि कपाळाला हात लावला. तो हात काळा होता, त्यामुळे कपाळही काळं झालं. "हे मी आधीच बघायला हवं होतं. आता कधी विसरायची नाही."

डॉक्टरबाईंचा जीव भांड्यात पडला. नुसता पडला नाही, भांडं भरून वाहिलं. त्यांनी दवाखान्यात किती शिकाऊ डॉक्टर पाहिले होते. चूक झाली की कोणी औजाराला दोष देई, कोणी पेशंटला. ही पोरगी चुकली, तिने चूक बोटांनी शोधली, स्वतःच्या पदरात घेतली आणि पुढच्या कामाला लागली. शिकवून येत नाही ते तिला येत होतं. मन राखायला कोणी असं गाडीखाली जात नाही, हेही त्यांना आता स्वच्छ दिसलं, आणि इतके दिवस दिसलं नाही म्हणून स्वतःचा राग आला.

सूनबाईने जागा पुसली, फिल्टर पुन्हा बसवला, कमी झालेलं ऑइल भरलं. फरशी कोरडी करून तिने गाडीखाली जुनं वर्तमानपत्र अंथरलं. या वेळी काटा उठला आणि जिथे राहायचा तिथे निमूट राहिला. हरणी चालत राहिली. मुलगा इस्त्रीच्या शर्टानिशी फरशीवर आडवा झाला आणि गाल टेकून कागदाकडे बघत बसला. एवढा वेळ तर तो विम्याच्या दाव्यांकडेही बघत नसे.

"एक थेंब नाही," तो शेवटी म्हणाला. उठला, धूळ झटकली आणि फोन लावला. "नाही हो, माफ करा. गाडी द्यायची नाही. अं? सर्व्हिसिंग ना? घरचाच मेकॅनिक आहे आमचा." हे सांगताना त्याची छाती अशी फुगली होती की गाडीखाली जणू तोच गेला होता. डॉक्टरबाईंनी ते खपवून घेतलं. त्यांची स्वतःची काही कमी फुगली नव्हती.

आता बोलायची मुभा होती. त्या उठल्या आणि सवयीने बॉनेटपाशी गेल्या. हरणीचा सूर त्यांना किंचित जड वाटत होता. एक स्क्रू केसभर फिरवला की झालं. त्यांचा हात कार्बोरेटरकडे गेला.

"आई, राहू द्या," सूनबाई म्हणाली. ती कान देऊन इंजिन ऐकत होती, तिने वर पाहिलंही नाही. "हात नका लावू. मला आधी नीट ऐकू द्या, मग मी लावते ते."

मुलगा दचकला. या गाडीबद्दल आईशी असं बोलायची छाती घरात आजवर कोणाला झाली नव्हती. तो आईच्या तोंडाकडे बघू लागला.

डॉक्टरबाईंनी हात मागे घेतला. "बरं बाई," त्या म्हणाल्या, आणि परतून खुर्चीत जाऊन बसल्या. आपल्या हरणीवर आपल्याइतकाच हक्क सांगणारं माणूस घरात आहे, या अभिमानाने त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पुसायची त्यांना मुळीच घाई नव्हती.