डॅशबोर्डवरचं भोक

दातांचे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांनी पन्नास वर्षांपूर्वीची एक स्पोर्ट्स कार विकत घेतली. कारखान्यातून निघाली तशीच ती दिसली पाहिजे, म्हणून सहा वर्षं त्यांनी सगळ्या घराला वेठीला धरलं. "एवढं लक्ष माझ्याकडे कधी दिलं नाहीत," असं बायको म्हणायची, आणि डॉक्टरांना ते कौतुकच वाटायचं.

ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर, डॅशबोर्डच्या लाकडात कुणा अडाण्याने भोक पाडून पितळी हूक बसवला होता. भोक दिसलं की डॉक्टरांचे हात शिवशिवायचे. हूक भंगारात गेला. भोक त्यांनी दोन दिवस खपून असं बेमालूम भरलं, की जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षकाने भिंग लावूनही नाव ठेवायला जागा सापडली नाही. पहिलं बक्षीस मिळालं.

दुपारी एक म्हातारी गाडीपाशी रेंगाळली. "आमच्या ह्यांची अश्शीच होती. तीच का हो ही?"

डॉक्टरांनी ऐटीत दार उघडून तिला ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसवलं. बसताक्षणी तिने न बघताच पर्स डॅशबोर्डला अडकवली, आणि ती धपकन पायाशी पडली. तिने लाकडावरून बोट फिरवलं. एका जागी ते जरा थांबलं. मग ती पर्स उचलून उतरली.

"नाही हो, ही दुसरीच. आमच्या ह्यांनी माझ्यासाठी तिथे हूक लावून दिला होता."

आयुष्यभर लोकांना आ करायला लावणाऱ्या डॉक्टरांचा आ वासलेलाच राहिला.