टिकलीपर्यंतचं पाणी

मी एक फांदी बोलतेय. झाडाची नाही, प्रवाळाची. तुम्ही ज्याला पोवळं म्हणता आणि अंगठीत बसवून मंगळ शांत करता, त्याच जातीतली, फक्त जिवंत. बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर एका हॉलमध्ये काचेची टाकी आहे, तिच्यात एका दगडाला चिकटून उभी आहे. एक टोक सोडलं तर सगळी पांढरी पडलेय. येणारेजाणारे काचेला नाक लावून म्हणतात, किती सुंदर पांढरं आहे हो. अहो, पांढरं म्हणजे मेलेलं. एखाद्याच्या घरी मयत झालं, तर चादर छान आहे म्हणाल का?

रागानं बोलतेय, हे आधीच सांगते. गोड ऐकायचं असेल तर शेजारच्या मासळ्यांना विचारा, त्या दाणे टाकले की सगळ्यांचं चांगलंच सांगतात.

मी दगड नाही, झुडूप नाही आणि शोपीस तर मुळीच नाही. मी जनावर आहे. शेकडो बारकी तोंडं एका हाडावर बसलेली, त्या सगळ्यांना मिळून मी 'मी' म्हणते. हाड माझं मीच बांधते. पाण्यात चुना असतो, क्षार असतात, ते रोज चिमूट चिमूट उचलायचे आणि अंगाला लावायचे, हा माझा धंदा. स्वयंपाक मात्र मी करत नाही. माझ्या अंगात शेवाळासारखे बारके जीव राहतात, ते उजेड खातात आणि मला रांधून घालतात. माझा तपकिरी रंग त्यांचा. मी फार घाबरले की पहिलं त्यांनाच घराबाहेर काढते आणि मग उपाशी मरते. मूर्खपणा आहे, पण माझी जातच तशी. माणसांची जात वेगळी असेल असं मला वाटत होतं.

माझा जन्म कापण्यातून झाला. आईची एक फांदी मोडली, चकतीवर चिकटवली, झाले मी. कुठल्या समुद्रात, कुठल्या देशात, ते मला कुणी सांगितलं नाही. पाण्याच्या पिशवीत घातलं, वर हवा भरून रबर आवळलं आणि एकदाची येरवड्याला चांदभाईंच्या दुकानात येऊन पडले. चांदभाईंचे वडील मासे विकायचे, ते मासे आणि आम्हाला विकतात. बोलणं कमी, हात हलका. त्यांच्याकडे मी वाढले, दोन नवी बोटं फुटली.

तिथून मला जयसिंगनं उचललं. जयसिंग म्हणजे ह्या घराचा मालक. बिबवेवाडीत ह्यांची शेती होती, तिच्यावर इमारती झाल्या, त्यातल्याच एकीत राहतो. कुठल्याशा हॉटेलात समुद्राची टाकी बघितली आणि आपल्याही हॉलमध्ये पाहिजे म्हणाला. तेव्हा चांदभाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं होतं.

"भाऊ, ह्यांना चांगलं पाणी लागत नाही. तेच पाणी लागतं. काल होतं तसं आज, आज आहे तसं उद्या. उन्हानं, पंख्यानं पाणी उडतं आणि मीठ खाली राहतं. जेवढं उडालं तेवढं फिल्टरचं गोडं पाणी रोज घालायचं. चुन्याचं आणि क्षाराचं औषध रोज थोडं थोडं. एकदम काही करायचं नाही."

जयसिंग हो हो म्हणाला. मोबाइल बघत म्हणाला, पण म्हणाला.

घरी आल्यावर पहिले काही दिवस त्यानं केलंही सगळं. मग कंटाळला. औषधाचं त्याला रविवारीच आठवायचं. आठवडाभर मी चुना शोधत उपाशी आणि रविवारी सकाळी हा बाटली उपडी करणार. तुम्हाला शनिवारपर्यंत कोरडं ठेवलं आणि रविवारी सात माणसांचं मटण एकट्याला बसवून चारलं, तर तुम्ही जगाल का? वर नळीत पाणी घेऊन तपासायच्या औषधाचा थेंब टाकायचा, रंग बघायचा आणि पाहुण्यांना सांगायचा, रीडिंग एक नंबर आहे. असणारच. आत्ताच ओतलंय ना.

तरी आम्ही जगलो, ते उल्कामुळे. उल्का त्याची बायको. तिला टाकीचं कौतुक नव्हतं. हॉलमधली अर्धी भिंत गेली म्हणून ती चिडलेलीच होती. पण समोरचं काम पडून राहिलेलं तिला बघवत नाही. तिनं कपाळाची टिकली काढून काचेवर बाहेरून लावली, पाणी जिथंपर्यंत असायला पाहिजे तिथं. रोज सकाळी चहा ठेवला की प्लास्टिकच्या कॅनमधलं फिल्टरचं पाणी टिकलीपर्यंत घालायचं. औषधाच्या बाटलीचंही तिनं रोज एक झाकण करून टाकलं. का घालायचं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नाही. रोज घालायची, एवढंच. पण तेवढ्यावर मी जांभळ्या टोकांची झाले, हातभर पसरले. जयसिंग पाहुण्यांना म्हणायचा, मी वाढवली.

आता सरुबाई. जयसिंगची आई. टाकीशेजारच्या खुर्चीत त्या दिवसभर बसतात. मला त्या आवडतात, म्हणूनच पुढचं सांगताना जास्त राग येतो. त्या आमच्याशी बोलायच्या. ह्या इमारतीखाली त्यांची विहीर होती, ती बुजवून वर पार्किंग केलं. विहिरीचं पाणी कसं होतं, उन्हाळ्यात कुठल्या पायरीपर्यंत उतरायचं, सगळं आम्हाला पाठ. घरात दुसरं कुणी ऐकत नव्हतं. त्या बोलायला लागल्या की जयसिंग टीव्हीचा आवाज वाढवायचा.

विहीर गेली तरी सरुबाईंचा तांब्याचा हंडा राहिला. चिंच लावून घासायचा, रात्री भरून ठेवायचा, सकाळी त्यातलं पाणी प्यायचं. घरात फिल्टर आल्यापासून त्याचं पाणी त्यांनी ओठाला लावलं नाही. मेलेलं पाणी म्हणतात त्याला.

मग उल्काच्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण आलं. आई नाही, म्हणून हिलाच सासवडला जावं लागलं. जाताना ती जयसिंगला म्हणाली, रोज टिकलीपर्यंत पाणी घाला. तो हो हो म्हणाला.

पाणी टिकलीच्या खाली उतरलं. आणखी उतरलं. मीठ दाटलं, अंगाला चरचरायला लागलं. जयसिंग येता-जाता काचेत स्वतःचे केस बघत होता. पाणी उतरलेलं दिसलं ते सरुबाईंना. त्यांना टिकलीचं माहीत होतं. सून रोज घालते ते खुर्चीतून बघतच होत्या. त्या उठल्या आणि आमच्यावर माया करायला लागल्या.

"त्ये मेलेलं पाणी नगं तुमास्नी," म्हणाल्या. "ह्ये घ्या. तांब्याचं हाय. गुणाचं हाय."

हंड्यातलं रात्रभर मुरलेलं पाणी. तांब्या भरभरून. बरोब्बर टिकलीपर्यंत.

माणसाला ते गुणाचं असेल, मला माहीत नाही. आम्हाला तांबं विष आहे. जिभेला चव कळत नाही एवढंसंही विष आहे. आणि पाणी उडालं तरी ते उडत नाही, मिठासारखं खाली साठतं. रोज थोडं, रोज आणखी थोडं. त्यांनी एक दिवस चुकवला नाही. चांदभाईंनी सांगितलेला नेम ह्या घरात उल्काखेरीज पाळला तो त्यांनीच, आणि त्यानंच आम्ही मेलो.

आधी टाकीतल्या गोगलगायी काचेवरून सुटून पडल्या. मग कोळंबी. मी सगळी तोंडं मिटून घेतली. माझ्या अंगातले ते बारके जीव बाहेर पडायला लागले. बुडापासून पांढरी होत गेले. सरुबाई म्हणायच्या, सून नाही म्हणून झुरत्यात बिचारी, आणि आणखी एक तांब्या आणायच्या.

जयसिंगच्या लक्षात आलं ते एका पाहुण्यानं, कोळंबी कुठं गेली, असं विचारलं म्हणून. मग त्याची धावपळ बघा. नळीत थेंब टाकले, क्षार कमी निघाले, पावडर ओतली. जास्त झाले, ते उतरवायला दुसरं काही ओतलं. मोबाइलवर कुणी सांगितलं ते ओतलं, दुसऱ्या कुणी सांगितलं तेही ओतलं. सकाळी पाणी वेगळं, संध्याकाळी वेगळं. विषानं अर्धी गेलेच होते, उरलेली ह्याच्या उपचारांनी चालले. इतक्या जणांना विचारलं, पण त्याच्यापासून चार हातांवर खुर्चीत बसलेल्या आईला, पाणी कोण घालतंय, कुठलं घालतंय, हे एकदाही विचारलं नाही.

त्याऐवजी त्यानं उल्काला फोन लावला. तिच्यावर ओरडला. तू जाताना काय टाकून गेलीस, तुला टाकी नकोच होती, मुद्दाम केलंस. फोन त्यानं स्पीकरवर टाकून समोर धरला होता, म्हणून तिचं उत्तर मलाही कळलं.

"मी सासवडला आहे," ती म्हणाली. "इथून तिकडं पाणी घालायला माझा हात तेवढा लांब नाही. आणि मुद्दाम करायचं असतं तर रोज कशाला घातलं असतं?"

सरुबाई ऐकत होत्या. हंडा शेजारी होता. त्यांना काही कळलं नाही, कारण त्यांना कुणी काही कळू दिलंच नव्हतं.

शेवटी जयसिंगनं बोलावलं म्हणून चांदभाई आले. टाकीपाशी उभे राहिले, आत बघितलं, मग खाली बघितलं. फरशीवर हंड्याच्या बुडाचा ओला गोल होता.

"आजी, पाणी ह्यातलं घालता?"

"व्हय. रोज. टिकलीपातूर."

चांदभाई खाली बसले, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. आवाज न चढवता म्हणाले, आजी, तांबं ह्यांना सोसत नाही. ह्यानंच गेले हे.

जयसिंगनं आईवर ओरडायला तोंड उघडलं. पण सरुबाई आधी बोलल्या, आणि त्याच्याकडे बघून बोलल्या.

"मला कुणी सांगितलं व्हतं?"

एवढंच. टीव्ही चालू होता, तो कुणी बंद केला नाही. जयसिंग म्हणाला, टाकीच काढून टाकतो, कटकट नको. म्हणजे बघा. आधी बायको, मग आई, मग आम्ही. घाबरला की घरातलं एकेक बाहेर काढतो. ही माझीच जात निघाली.

चांदभाईंनी त्याला टाकीला हात लावू दिला नाही. त्यांनी कोळशाची पिशवी सोडली, तांबं शोषणारी दुसरी पिशवी सोडली, आणि रोज येऊन थोडं थोडं पाणी बदललं. एकदम बदललं तर त्या धक्क्यानंच उरलेली मरतील, म्हणाले. सरुबाईंनी विचारलं, ही जगंल का? ते म्हणाले, टोकाला रंग आहे, पण खात्री देत नाही.

उल्का परत आली. तोवर जयसिंगनं तिला फोन करून एक शब्द सांगितला नव्हता. तांब्याचंही नाही, चुकलोचंही नाही. बॅग खाली ठेवायच्या आत सरुबाईंनीच सांगितलं. "माज्या हातानं झालं, पोरी. तुजा काय संबंध न्हाई." उल्का त्यांच्याजवळ बसली. पुढच्या वेळी मीच सांगून जाईन, म्हणाली. मग आत गेली, फिल्टरचा कॅन भरून आणला आणि जयसिंगच्या पायाशी ठेवला.

"आता तुम्ही घालायचं. रोज. टिकलीपर्यंत. मी हात लावणार नाही, आणि आईंना लावू देणार नाही."

तो म्हणाला, मला ऑफिसला उशीर होतो. ती म्हणाली, मलाही चहाला व्हायचा.

सरुबाईंचा हंडा आता स्वयंपाकघरात असतो. खुर्ची मात्र इथंच आहे. त्या माझ्याशी अजून बोलतात, पण काचेला हात लावत नाहीत.

माझं एक बोट उरलंय. टोकाला नखाएवढा तपकिरी रंग आहे, म्हणजे ते बारके जीव तिथं अजून तग धरून आहेत. तेवढ्यावर मी उभी आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या मनात अशी टाकी आणायचं असेल, तर ऐका. रविवारी आठवण होणारी माणसं आम्हाला नकोत. आम्हाला कौतुक नको, पाहुणे नकोत, घाबरून ओतलेली औषधं नकोत. रोज तेच करायचा कंटाळा येत असेल, तर भिंतीला चित्र लावा. आणि आणलीच, तर घरात पाण्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाला समोर बसवून सांगा. खुर्चीतल्या म्हातारीला आधी.

जयसिंगनं काल पाणी घातलं. आजही घातलं, तोंड वाकडं करून. त्याच्या तोंडाशी मला काही देणंघेणं नाही. आत्ता पाणी टिकलीला लागून आहे. पंखा चालू आहे. उद्या सकाळपर्यंत ते टिकलीच्या खाली उतरेल, आणि त्या वेळी कॅन कुणाच्या हातात असेल, हे मी इथून, ह्या एका बोटावरून बघणार आहे.