ताडपत्रीखालची गाडी

सोमाटण्याला जानूच्या घरी संध्याकाळी एका गाडीची चर्चा हमखास व्हायची. ही गाडी अजून बाजारात आली नव्हती, तिचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांचं आवरण अंगभर चिकटवून ती कधी खंडाळ्यात, कधी कामशेतजवळ, कधी पवना धरणाच्या कडेनं दिसायची. दिसली की कुणीतरी फोटो काढायचं, आणि तो फोटो ‘गाडीचा माग’ नावाच्या फेसबुक पेजवर झळकायचा.

जानू पूर्वी तळेगावच्या एका कारखान्यात वॉचमन होता. आता निवृत्त होऊन तो या पेजचा नेमाचा वाचक झाला होता.

“आज लोणावळ्यात दिसली म्हनं,” मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून तो मोठ्यानं वाचायचा. “बॅटरीवाली हाय. एकदा चार्ज केली की कोल्हापूरला जाऊन माघारी यील, असा अंदाज हाय.”

“कुनाचा अंदाज?” तव्यावरची भाकरी उलटत हिरा, त्याची बायको, विचारायची.

“ह्या पेजवाल्याचा. लय अभ्यास हाय त्याचा.”

त्यांची मुलगी यशोधरा मान खाली घालून भाकरी मोडत राहायची. फोटोत काचेआड जी अंधूक आकृती दिसायची, ती तिचीच होती.

यशोधरा एका मोटार कंपनीत टेस्ट ड्रायव्हर होती. नवी गाडी बाजारात यायच्या आधी ती ऊन-पावसात, घाटात, खड्ड्यांतून चालवून बघायची, हे तिचं काम. घरी एवढंच माहीत होतं की पोरगी कंपनीच्या गाड्या चालवते. कुठल्या, ते सांगायचं नाही असं तिनं कंपनीला लिहून दिलं होतं. तळेगावात शाळेची व्हॅन चालवता चालवता ती इथवर पोचली होती, आणि हे काम तिला जिवापाड आवडायचं. म्हणूनच त्या पेजची तिला धास्ती होती. उन्हाळ्यात तिच्या एका सहकाऱ्यानं ढाब्यावर गाडीचं दार उघडं ठेवलं, कुणीतरी आतले फोटो काढले, आणि आठवड्याच्या आत त्याला कामावरून काढलं. पेज चालवणारा कुणी कॉलेजातला उनाड पोरगा असणार, मोठ्या लेन्सचा कॅमेरा घेऊन झुडपांत दबा धरून बसत असणार, असं तिनं मनाशी धरलं होतं.

भातकापणीच्या दिवसांत एका दुपारी ती लोणावळ्याहून दुधिवरे खिंड उतरून धरणाच्या बाजूला आली. शेजारी लॅपटॉप घेऊन बसणारी इंजिनियर त्या दिवशी तापानं घरी होती. आरशात मघापासून एक पांढरी स्कूटर दिसत होती, खिंडीच्या उतारावर ती बरीच मागं पडली. तिकोणा पेठेच्या अलीकडे रस्ता वळला आणि बांधावरून एक म्हैस सरळ रस्त्यावर आली. यशोधरानं स्टिअरिंग फिरवलं. म्हैस वाचली, पण गाडी घाणेरीच्या जाळीत घुसून पुढच्या दोन्ही चाकांनी रस्त्याकडेच्या चरात उतरली.

ती खाली उतरली. हातपाय शाबूत होते. गाडीच्या पुढं जाऊन तिनं बघितलं. काटेरी फांद्यांनी पुढचं आवरण टराटरा फाडलं होतं. ज्याच्यावर महाराष्ट्रभर पैजा लागत होत्या तो गाडीचा चेहरा, बारीक चंद्रकोरीसारखे दिवे आणि मधला निळा पट्टा, लख्ख उन्हात उघडा पडला होता.

तिनं साहेबांना फोन लावला. रेंज जात-येत होती. “गाडी झाका! कुणाला फोटो काढू देऊ नका. आम्ही निघतोय,” एवढं ऐकू आलं आणि फोन कटला. झाकायचं कव्हर इंजिनियरच्या गाडीत राहिलं होतं. यशोधरानं अंगातलं जॅकेट काढून दिव्यांवर टाकलं. एक दिवा झाकला की दुसरा उघडा पडे.

तोवर शेजारच्या खाचरातून माणसं धावत आली. भात झोडायचं काम चालू होतं. म्हशीचा मालक महिपती, त्याची बायको बयाबाई आणि शेजारच्या दोघी-तिघी.

“लागलं न्हाई न्हवं, बाई?” बयाबाईनं आधी तिचा दंड चाचपला, मग कपाळ, मग दुसरा दंड.

“नाही मावशी, मी ठीक आहे.”

“आमच्या म्हशीपायी झालं गं हे.” महिपती ओशाळून उभा राहिला.

बायका गाडीकडं बघत होत्या. “मिल्ट्रीची असंल,” शकुबाई म्हणाली. “सर्कशीची गं,” दुसरी म्हणाली. “मला तर आंगावर नागीण उठल्यागत दिसतीया,” बयाबाई म्हणाली आणि स्वतःच हसली. मग यशोधराचा चेहरा बघून तिचं हसू थांबलं. “काय झालं? सांग की.”

यशोधरानं सांगितलं. ही गाडी कुणी बघायची नाही, फोटो गेला तर माझं काम जाईल, आणि मागून एक माणूस स्कूटरवर येतोय.

बयाबाई वळून खाचराकडं हात करत ओरडली, “शके, ताडपत्री वढ!”

खळ्यावरची निळी ताडपत्री आली. तिच्यावरचं भात बायकांनी भराभर पोत्यात लोटलं. ताडपत्री गाडीवर पडली, कोपरे काट्यात अडकून फाटले, कुणी पर्वा केली नाही. वरून पेंढ्याच्या पेंड्या रचल्या. महिपती ट्रॅक्टर आणायला गावात पळाला. बघता बघता रस्त्याकडेला पेंढ्याचा एक वेडावाकडा ढीग उभा राहिला, आणि बायका त्याच्या सावलीत पाय पसरून पाणी प्यायला बसल्या. यशोधरालाही त्यांनी मध्ये बसवलं आणि डोक्यावर एक फडकं टाकलं.

स्कूटर आली. थांबली. हेल्मेट काढलं तर आत कॉलेजचा पोरगा नव्हता. साठी उलटलेला, पांढऱ्या मिशांचा, खाकी पँट घातलेला माणूस होता.

“वैनी, हितनं एक पट्ट्यापट्ट्याची गाडी गेली का?”

“गेली की,” बयाबाई म्हणाली. “लय बेगीनं गेली. कामशेतला पोचली बी असंल.”

माणसानं मान हलवली. पण त्याची नजर रस्त्यावर गेली. चाकांचे काळे ओरखडे वळणावरून सरळ पेंढ्याच्या ढिगात शिरत होते.

“वैनी, उभा जल्म यष्टी चालवली म्या,” तो हळूच म्हणाला. “चाकं कुटं गेली ते कळतंय मला.”

तो ढिगाजवळ आला. वाऱ्यानं ताडपत्रीचा कोपरा उचलला आणि आत काहीतरी चमकलं. त्यानं खिशातून मोबाइल काढला.

यशोधरा उठली आणि त्याच्या आणि गाडीच्या मध्ये उभी राहिली. डोक्यावरचं फडकं खाली पडलं.

“काका, फोटो नका काढू.”

“तू कोन?”

“ड्रायव्हर.”

तो तिच्याकडं बघतच राहिला. “खंडाळ्याला, पवनेला, येवढे दिस... तूच व्हतीस?”

“मीच.”

“मला वाटायचं कुनी गडी हाय.” मोबाइल हातात तसाच राहिला. “वळनावर गाडी काय धरतीस गं! मी मागनं बघत यायचो. फोटो ऱ्हायला तरी बघत यायचो.”

ज्याला यशोधरा वर्षभर टाळत होती, तो तिचं ड्रायव्हिंग बघायला मागून येत होता.

“काका, हा फोटो गेला तर उद्यापासून मी घरी बसेन,” ती एवढंच म्हणाली.

त्यानं मोबाइल खिशात घातला. “मग न्हाई जायाचा. डायवरनं डायवरच्या पोटावर पाय देऊ न्हाई.” मग तो बयाबाईकडं वळला. “मी बाजीराव. तळेगावचा. ते गाडीचं पेज माजंच. खोटं बोलायला लावलं तुमाला, माफ करा.”

“म्या न्हाई खोटं बोलले,” बयाबाई म्हणाली. “गाडी गेलीच व्हती. चरात.”

सगळ्या हसल्या. यशोधराही हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ट्रॅक्टर आला. साखळी मागच्या हुकाला लावायची म्हणून पेंढा बाजूला सारावा लागला, ताडपत्री काढावी लागली. बाजीराव मागं उभा राहून महिपतीला हातानं खुणा करत होता. “येऊ द्या, येऊ द्या, डाव्या अंगाला थोडं... बास!” यशोधरा स्टिअरिंगवर होती. बायकांनी चाकांखाली पेंढा सारला, पुढून खांदा लावला, आणि गाडी हिसका देऊन रस्त्यावर आली. सगळ्यांच्या लुगड्यांवर चिखल उडाला होता.

बाजीराव मग गाडीच्या पुढं येऊन उभा राहिला. एवढ्या दिवसांत ज्याचा त्यानं नुसता अंदाज केला होता ते त्याच्या समोर होतं. हात पाठीमागं बांधून त्यानं ते पोटभर बघून घेतलं.

“साजरी हाय,” तो म्हणाला. स्कूटरला किक मारून तो निघून गेला.

कंपनीची माणसं ऊन कलल्यावर आली. यशोधरानं साहेबांना सगळं सांगितलं. म्हैस, चर, ताडपत्री आणि बाजीरावसुद्धा. लपवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं, पण ज्या माणसांनी आपल्याला वाचवलं त्यांची गोष्ट अर्धी सांगणं तिला जड गेलं.

“त्या पेजवाल्यानं बघितली?” साहेबांनी कपाळाला हात लावला. “म्हणजे उद्या सकाळी सगळीकडं. तू सध्या गाडीवर बसू नकोस.”

दुसऱ्या दिवशी पेजवर काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना जानूनं मोबाइल लांब धरला.

“ऐका. ‘गाडीचा माग काढत तिकोणा पेठेपर्यंत गेलो. ही गाडी पुढून कशी आहे ते अजून कोणीही पाहिलेलं नाही. माझा अंदाज विचाराल तर दिसायला चांगली असावी. चालवणारा माणूस मात्र पक्का आहे, त्याबद्दल अंदाज करायची गरज नाही.’” जानूनं मोबाइल खाली ठेवला. “बघा, ह्याला बी घावली न्हाई!”

यशोधरा ताट घेऊन मोरीकडं गेली आणि नळ सोडून तिनं तोंडावर पाणी मारलं.

पुढच्या सोमवारी साहेबांनी तिला पुन्हा गाडीची किल्ली दिली. आवरण नवीन चिकटवलेलं होतं. तिनं पेजवर निरोप पाठवला, “काका, तुमचे उपकार विसरणार नाही.” उत्तर लगेच आलं, “उपकार बिपकार काय न्हाई. जपून चालव.”

रविवारी तिनं बापाला आपल्या स्कूटरवर मागं बसवलं आणि तिकोणा पेठेला नेलं. तळेगावातून एक नवी ताडपत्री घेतली होती, पेढे घेतले होते. कुठं चाललोय असं जानूनं विचारलं, तर ती म्हणाली, “ज्यांनी माझी लाज राखली त्यांच्याकडं.”

बयाबाईनं लांबूनच ओळखलं. “आली का गं! तुज्या त्या नागिनीच्या गाडीला काय झालं न्हाई न्हवं?”

जानू थबकला. त्यानं बयाबाईकडं बघितलं, लेकीकडं बघितलं. कित्येक संध्याकाळच्या गप्पा त्याच्या डोळ्यांपुढून सरकत असाव्यात. यशोधराला वाटलं, आता रागावतील. पण पुढं होऊन त्यानं बयाबाईला आणि महिपतीला हात जोडले.

“माज्या लेकीच्या पाठीशी हुबं ऱ्हायलात,” तो म्हणाला.

“हात काय जोडताय, आबा!” बयाबाई अवघडून गेली. “लेकरू वाटंत अडकलं तर कुनी बी धावंल.”

पेढे वाटले गेले. नवी ताडपत्री महिपतीनं त्याच वेळी खळ्यावर अंथरली, कारण भात झोडायचं अजून निम्मं बाकी होतं आणि शकुबाईचा हात दुखावला होता. जानूनं शर्टाच्या बाह्या वर सारल्या. लहानपणी त्यानं लोकांच्या खळ्यावर हे काम केलं होतं, आज तो आपणहून उतरला. यशोधरानं ओढणी कमरेला खोचली आणि बयाबाईनं दाखवलं तशी पेंडी दोन्ही हातांनी धरून फळीवर आपटली. पहिल्या फटक्याला दाणे भलतीकडंच उडाले. सगळ्यांनी तिची थट्टा केली. मग हात बसला. फळीवर पेंडी, दाण्यांचा सडा, पुन्हा पेंडी. समोर जानू घामाघूम होऊन झोडत होता आणि मध्येच लेकीकडं बघून कौतुकानं मान हलवत होता.

उन्हं उतरली तेव्हा बयाबाईनं नव्या तांदळाची पिशवी जबरदस्तीनं स्कूटरवर पुढं ठेवली.

“लावनीला बी या,” ती म्हणाली. “मानसं लागत्यात.”

“येऊ मावशी,” यशोधरा म्हणाली. “आम्ही दोघंही येऊ.”