पाण्याची चाचणी

जॅमच्या कारखान्यात पाक उकळायची नवी टाकी बसली होती आणि तिचं सगळं नियंत्रण ताईनं आखलं होतं. वाफेची झडप कधी उघडायची, पाक किती भरायचा, कुठे बिघाड झाला तर काय बंद पडायचं, सगळं. चाचणीसाठी तिनं मुद्दाम धाकट्या बहिणीला बोलावलं. दोघी एकाच धंद्यातल्या. ताई जुळवणार, धाकटी मोडून बघणार.

मॅनेजरसाहेबांना धीर नव्हता. "थेट पाकच भरा की. पाण्यात कशाला वेळ घालवता?"

"आधी पाणी," ताई म्हणाली. आतली ढवळणी तर तिनं अजून जोडूच दिली नव्हती.

धाकटीनं कामाला हात घातला. पातळी मोजणाऱ्या यंत्राची वायर सोडवली. टाकी भरलीच आहे असं धरून यंत्रणेनं पाण्याचा नळ बंद केला. झडप उघडी धरणारी हवेची नळी काढली. स्प्रिंगच्या जोरावर वाफेची झडप मिटली. ताईला मनातल्या मनात गुदगुल्या होत होत्या.

धाकटीनं दोन्ही परत जोडून नळ सुरू केला. "आता वीज घालवते," ती पॅनेलमागून म्हणाली. सगळं गप्प झालं. खूश झालेले साहेब झाकण उघडून टाकीत डोकावले. धाकटीला ते दिसत नव्हते. तिनं वीज परत दिली आणि कुणी बटण न दाबताच नळ धो धो सुरू झाला. साहेब डोक्यापासून कमरेपर्यंत भिजले.

ताईनं धाव घेतली. "चूक माझीच," ती नळ बंद करत म्हणाली. "बंद कसं पडायचं याचा विचार केला. परत सुरू कसं व्हायचं, ते राहूनच गेलं."

साहेबांनी चष्मा पुसला. "हा उकळता पाक असता तर?" ते हळू आवाजात म्हणाले. मग शर्टाकडे बघून त्यांनाच हसू फुटलं. "अजून काय काय मोडायचं राहिलंय?"

"बरंच," धाकटीनं त्यांच्या हाती फडकं दिलं.

ताईनं ठिय्या मारून प्रोग्रॅम बदलला. वीज आली तरी काही हलायचं नाही. माणसानं सगळीकडे नजर टाकून बटण दाबलं तरच सुरू. झाकण उघडं असेल तर बटण दाबूनही नाही.

मग पाक भरला. काही दिवसांनी साहेबांचा फोन आला तेव्हा दोघी बहिणी ताईच्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या.

"काय म्हणतात?" धाकटीनं विचारलं.

"मघाशी वीज गेली होती. मग आली. काहीच झालं नाही म्हणाले."

"एवढंच सांगायला फोन?"

"एवढंच," ताई म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू काही केल्या लपेना.