परत करायचा गुडघा

फोन आला तेव्हा मी बेकरीत भट्टीसमोर उभा होतो. माजी सैनिकांच्या केंद्रातून बोलतोय, असं म्हणाले. जिथे नकली पाय बनवतात आणि दुरुस्त करतात, ते केंद्र. आवाज मी ओळखला. माझी बायको ज्याला 'सुतार' म्हणायची, तोच कारागीर.

"सक्ती नाही," तो म्हणाला. "पण बाईंचा पाय घरी पडून असेल, तर आणून द्याल का? तो गुडघा फार महाग असतो. लोक वाट बघतायत."

पडून असेल म्हणे. मी फोन ठेवला. त्या खेपेचे पाव करपले.

ती फौजेत ट्रक चालवायची. रस्त्यात पुरलेल्या सुरुंगानं तिचा डावा पाय मांडीपासून नेला, तेव्हा आमची लेक रांगत होती. पुढं कितीतरी वर्षं तिनं जुन्या पद्धतीचा ताठ पाय ओढला. चांगला, आपोआप वाकणारा गुडघा आला, पण तो आधी नोकरीत असलेल्यांना, मग निवृत्तांना, आणि निवृत्तांमध्येही बायकांच्या मापाचा सगळ्यात शेवटी. केंद्राच्या भिंतीवर मोठी पाटी होती. 'माजी सैनिक आणि त्यांचे कुटुंब, हेच आमचे पहिले प्राधान्य.' मंत्री बदलला की पाटी नव्यानं रंगायची. ती म्हणायची, "बघा बेकरीवाले, आपण पाटीवर पहिले आणि रांगेत शेवटचे."

शेवटी गुडघा मिळाला. त्या दिवशी ती आमच्या जिन्यावरून एकेका पायरीवर एकेक पाय टाकत उतरली. परत वर गेली, परत उतरली. शेजारी दारं उघडून बघायला लागले, तेव्हा थांबली. नंतर वर्षभरातच पोटाच्या दुखण्यानं तिला अंथरुणाला खिळवलं, आणि मग ती गेली.

द्यायला इतकी वर्षं घेतली, आणि परत मागायला महिनासुद्धा थांबवेना. लेकीला मी हे तावातावानं सांगितलं.

ती म्हणाली, "बाबा, द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण आईनं काय केलं असतं?"

"आधी शिव्या घातल्या असत्या."

"आणि मग?"

"शिव्या मी घालून झाल्यात," मी म्हणालो.

पाय आमच्या पलंगाशेजारी भिंतीला टेकून उभा असायचा. ती असतानाही रात्री तिथंच असायचा. त्याच्यावर बूट होता, तोही तसाच. नकली पावलावरचा बूट रोज काढत नाहीत. एकदा चढवून नाडी बांधली की बूट फाटेपर्यंत ती तशीच राहते. हे बूट नवे घेतले, तेव्हा तिनं पाय मांडीवर घेऊन नाडी बांधली होती. आधी ओली करायची, मग करकचून आवळायची आणि टोकं आत खुपसायची. फौजेतली सवय. "आता ही माझ्या बापालाही सुटायची नाही," असं म्हणाली होती.

मी पाय मोठ्या कापडी पिशवीत घातला. बूट बाहेरच राहिला. बसमध्ये शेजारच्या माणसानं आधी बुटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मामा, बाकीचा माणूस कुठाय?"

"मागच्या बसनं येतोय," मी म्हणालो.

तो खो खो हसला. मीही हसलो. मग माझा थांबा येईपर्यंत मला खिडकीतून मान आत वळवता आली नाही.

केंद्रात पाटी पुन्हा नवी झाली होती. रंगाचा वास येत होता. खाली टेबल टाकून खात्यातली एक बाई बसली होती. येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारत होती. मलाही विचारलं.

"काका, नवं धोरण ठरतंय. कुटुंबांसाठी सरकारनं सगळ्यात आधी काय करावं? एकच गोष्ट सांगा."

तिचा चेहरा थकलेला होता, पण विचारत होती मनापासून. मी इकडंतिकडं बघितलं. भिंतीलगत त्याच बुटक्या खुर्च्या होत्या.

"खुर्च्या उंच करा," मी म्हणालो.

"खुर्च्या?"

"मांडीपासून पाय नसलेल्या माणसाला एवढ्या खालून उठता येत नाही. कुणीतरी काखेत हात घालून उठवावं लागतं. माझ्या बायकोला ते चालायचं नाही. ती इथं उभी राहायची. नंबर येईपर्यंत, दर वेळी."

बाईनं खुर्च्यांकडं बघितलं. मग म्हणाली, "किती उंच पाहिजेत?"

मी हात धरून दाखवला. घरची तिची खुर्ची मीच विटा लावून उंच केली होती, त्यामुळं विचार करावा लागला नाही. बाई उठून टेबलाच्या बाहेर आली आणि माझ्या हाताखाली पट्टी धरून माप घेतलं. पुढं काय होईल ते मला माहीत नाही. मी आत गेलो.

सुतार मला बघून उभा राहिला. "ड्रायव्हरबाई गेल्यापासून इथं कुणी मला शिव्या देत नाही," तो म्हणाला. मी पिशवी टेबलावर ठेवली, पण हात काढला नाही.

"सगळाच लागतो?"

"मांडी बसते ती वरची वाटी नको. ती बाईंच्याच मांडीच्या मापानं केलेली, दुसऱ्या कुणाला बसायची नाही. पण गुडघा लागतो, आणि पाऊलही. बायकांच्या मापाचं पाऊल मिळतच नाही हो. एक जण पुरुषी पावलावर चालतीय. रोज पडते."

"ती कोण?"

"ते सांगायची परवानगी नाही."

"मग तिला एवढं सांगा. पावसाळी हवेत हा गुडघा जिन्यावर जरा अडतो. घाई करायची नाही. क्षणभर थांबायचं, मग तो येतो."

"सांगतो," तो म्हणाला.

त्यानं स्क्रू काढून वाटी वेगळी केली आणि माझ्याकडं सरकवली. मग बूट काढायला लागला. नकली पाऊल घोट्यात वाकत नाही, नाडी सैल केल्याशिवाय बूट निघत नाही. त्यानं गाठ ओढून बघितली, आणि कात्री उचलली.

"थांबा," मी म्हणालो. "ती तिनं बांधलीय."

त्यानं कात्री ठेवली. पाठ करून कपाटातलं सामान इकडचं तिकडं करत राहिला.

भट्टीवर भाजून भाजून माझी बोटं जाड झालीत, नखं बोथट. गाठ काही केल्या दाद देईना. तिच्या बापाला काय, कुणालाच सुटली नसती. मी जोर लावला, मग जोर सोडला. नाडीचं एक टोक ओठांनी ओलं केलं, जशी ती करायची. हळूहळू आतला पीळ मोकळा झाला. गाठ सुटली, तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. नाडीला मात्र गाठीच्या जागी वाकडा बाक राहिला होता, आणि तेवढा तुकडा बाकीच्या नाडीपेक्षा काळा होता. आत धूळ गेली नव्हती.

बूट मी काढला. पाय मी त्याच्या हातात दिला.

घरी आलो, तेव्हा लेक दारातच होती. पिशवीतून वाटी निघाली, ती तिनं उचलून पदराखाली धरली आणि आत नेली, झोपलेलं मूल नेतात तशी.

बायकोच्या खऱ्या पायाचा बूट अजून दाराशी होता. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी तिनं काढून ठेवलेला, तसाच. त्याच्याशेजारी मी दुसरा ठेवला. लेकीनं विचारलं, "नाडी बांधून ठेवू का?"

मी नको म्हणालो. आता दोन्ही बुटांच्या नाड्या सुटलेल्या आहेत. घरी आलेल्या माणसाच्या असतात, तशा.