माल्टा, मुक्काम पोस्ट खडकी

अभिनवला माल्टाचा व्हिसा मिळाला नाही.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. तसं ठरलंय आमचं. अभिनव माल्टात आहे, भूमध्य समुद्रातल्या त्या चिमुकल्या बेटावर एम.एस. करतोय, तब्येत उत्तम. फक्त रोज सकाळी तो माझ्या टॉवेलला अंग पुसतो, कारण मी खडकीत राहतो आणि तोही.

मी ऋषी, मूळचा वाशीमचा. अभिनव कोथरूडचा, माझ्याबरोबर इंजिनिअरिंगला होता. त्याचे वडील शरच्चंद्रकाका खडकीच्या कारखान्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सचिव झाले. मधली रात्र कशी काढली कुणास ठाऊक.

सप्टेंबरात सोसायटीची वार्षिक सभा होती. लोक आयतेच जमतात म्हणून काकांनी त्यातच अभिनवचा सत्कार उरकला. शाल, श्रीफळ, गेटवर फ्लेक्स: 'उच्च शिक्षणासाठी माल्टा येथे रवाना होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. व्हिसा तेवढा यायचा होता. नऊ दिवसांनी त्याऐवजी नकार आला.

अभिनव कुणाला काही बोलला नाही. निघायच्या दिवशी 'गाडीत आणखी दोन मुलं आहेत, जागा नाही' असं सांगून त्याने आईबाबांना गेटवरच थांबवलं. त्याच्या आईने, ललिताकाकूंनी, हातावर दही घातलं. अख्ख्या बी विंगने हात हलवला. मग गाडी मुंबईऐवजी युनिव्हर्सिटीच्या दिशेला वळली आणि दोन बॅगांसकट माल्टाचा विद्यार्थी माझ्या दारात उभा राहिला.

"चार दिवस राहतो," तो म्हणाला. "मग घरी जाऊन सांगून टाकतो."

त्याला सात आठवडे झाले. त्याला दुसरं काही नको होतं, फक्त घरी जायचं होतं. बसने पाऊण तास. रोज सकाळी आंघोळ करून तो त्यासाठी बूट घालायचा. पलंगाच्या कडेवर बसायचा. मी ऑफिसला निघायचो. परत आलो की बूट दारात आणि हा भिंतीकडे तोंड करून झोपलेला. काकूंनी दिलेला गोडा मसाला आम्ही भातावर घालून खायचो. एकदा खाता खाता तो रडला. मी म्हटलं, तिखट आहे का? तो म्हणाला, हो. गोडा मसाला.

अशात त्याच्या व्हॉट्सॲपवर सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं पत्र आलं. दर महिन्याला त्यांचा 'ओळख एका देशाची' असा कार्यक्रम असतो. ऑक्टोबरात दिगंबरकाकांनी सात दिवसांच्या सहलीच्या जोरावर स्वित्झर्लंड सव्वा तास सांगितलं होतं. नोव्हेंबरात माल्टा: संस्कृती, खाद्यपदार्थ, प्रवास आणि शिक्षणाच्या संधी. वक्ता अभिनव, व्हिडिओ कॉलवरून. गुरुवारी सायंकाळी पाच. खाली सही शरच्चंद्रकाकांची. मुलाला त्यांनी 'आपण' लिहिलं होतं.

"नाही म्हण," मी म्हटलं.

"सचिवांना कसं नाही म्हणू?"

आम्ही तीन दिवस अभ्यास केला. एम.एस.साठीसुद्धा तो इतका बसला नसता. खिडकीवर निळी चादर लावली. भूमध्य समुद्र. खाण्याचा नमुना म्हणून मी कोपऱ्यावरच्या बेकरीतून व्हेज पॅटिस आणलं.

गुरुवारी फोनच्या पडद्यावर सोसायटीचा हॉल उघडला. पहिल्या रांगेत ललिताकाकू, नवी साडी नेसून. माइकपाशी काका. मी कॅमेऱ्याच्या मागे जमिनीवर.

अभिनव छान बोलला, हेच वाईट होतं. मधाच्या रंगाच्या दगडांची व्हॅलेटा, होड्यांच्या पुढच्या टोकावर रंगवलेले डोळे, गोझो बेटाकडे जाणारी बोट, अरबीच्या कुळातली पण रोमन लिपीत लिहिली जाणारी भाषा. "गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात," तो म्हणाला. मागून कुणीतरी विचारलं, "आपल्याकडे चालतात?" हॉल हसला. अभिनवही हसला, सात आठवड्यांत पहिल्यांदा. मला वाटलं, याला खरंच पाठवायला हवं होतं.

"आणि शाकाहारी माणसाने खायचं काय?" दिगंबरकाका.

अभिनवने पॅटिस कॅमेऱ्यासमोर धरलं. "याला पस्टिझी म्हणतात. आत मटार असतात किंवा चीज."

"म्हणजे पॅटिसच की."

"साधारण."

"बारीक झालायस रे," काकू मध्येच म्हणाल्या. त्यांना माइक कुणी दिला नव्हता.

मग हिंमतराव उभे राहिले. त्यांची नात बारावीला. "व्हिसाला त्रास देतात का हो हे लोक?"

अभिनवने पॅटिस खाली ठेवलं. "कागदपत्रं नीट असली की नाही देत," तो म्हणाला. तेवढ्यात साडेपाच वाजले आणि कारखान्याचा भोंगा झाला.

खडकीत राहून मला तो ऐकूच येईनासा झाला होता. त्या दिवशी आला. लांबलचक, खालून वर चढत जाणारा.

"हे काय वाजतंय?" हिंमतरावांनी विचारलं.

अभिनवने मागे वळून चादरीकडे पाहिलं. पडद्यावर काकांचा चेहरा दिसत होता. चौतीस वर्षं त्या भोंग्यावर हा माणूस कामाला बसला, जेवला, घरी गेला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तिथे आत्ता दुपारचा एक वाजला," काका माइकमध्ये म्हणाले. "जेवणाची सुट्टी झाली असेल. वक्त्यांना जेवू द्या. आभार."

फोन बंद.

अभिनवने बूट घातले. काढले. त्या रात्री आम्ही कुणीच जेवलो नाही, पॅटिससुद्धा.

सकाळी नऊला दार वाजलं. काका. खडकीत अभिनवचा एकच मित्र राहतो, हे शोधायला फार डोकं लागत नाही.

"आत येऊ?" ते म्हणाले. "की माल्टात आधी कळवावं लागतं?"

ते पलंगावर बसले. चादरीकडे बघितलं. अभिनव उभाच.

"बाबा, मी येतो घरी. आत्ता येतो."

"ये की. आणि कुठून आलास म्हणून सांगू? तुझी आई कालपासून सगळ्या विंगना फोन करतेय. पोरगा किती नीट बोलला म्हणून."

"तुम्ही सांगा तिला. प्लीज."

काकांनी खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं.

"मला तोंडी जमत नाही रे," ते शेवटी म्हणाले. "कधीच जमलं नाही. माझ्या टेबलावर काम आधी होऊन जायचं आणि परवानगी मागाहून घ्यायची असायची. त्याला कार्योत्तर मंजुरी म्हणतात. अशा शेकडो काढल्या मी. एकसुद्धा परत आली नाही." मग माझ्याकडे वळून: "ऋषी, कोरा कागद आहे का?"

मी दिला. त्यांनी समास पाडला आणि न थांबता, वळणदार अक्षरात लिहिलं:

प्रति,
माननीय व्हिसा अधिकारी, माल्टा.

विषय : व्हिसास कार्योत्तर मंजुरी मिळणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, माझा मुलगा चि. अभिनव हा आपल्या देशात सात आठवडे न येता राहिला. सदर कालावधीत त्याची वर्तणूक चांगली होती. आपल्या देशाचे पाणी, वीज वा जागा वापरण्यात आलेली नाही. तरी त्यास मागील तारखेपासून व्हिसा मंजूर करून, आल्याचा व गेल्याचा असे दोन्ही शिक्के पासपोर्टवर मारून मिळावेत, जेणेकरून त्यास आपल्या आईसमोर रीतसर घरी परतता येईल, ही नम्र विनंती.